टाका दिसला पाहिजे

नमस्कार. इथे बसलेले बरेच जण स्वतः विणतात, काही जण आपले नमुने लिहून ऑनलाइन विकतात आणि काहींची पहिली फाइल तयार होऊन फक्त फोटोंसाठी अडली आहे. आज मी फोटोंबद्दल बोलणार आहे, पण त्यात कॅमेरा थोडा आणि लोकर जास्त असेल. नमुना विकण्यासाठी काढलेला फोटो तयार कपडा विकण्यासाठी काढलेल्या फोटोपेक्षा वेगळा असावा लागतो. तो का, हे एकदा पटलं की पुढचे बहुतेक निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल.

आपण स्वेटर विकत नाही, आपण काही पानांची पीडीएफ फाइल विकतो. किती टाके घालायचे, कितव्या ओळीला वाढवायचे, बगलेपाशी काय करायचं, गळा कसा उचलायचा, हे त्या पानांवर असतं. ज्यावर आपण सगळ्यात जास्त डोकं लावलेलं असतं ती ही पानं पैसे भरेपर्यंत घेणाऱ्याला दिसत नाहीत. दाखवली तर विकायला काही उरणारच नाही. त्यामुळे लिखाण कितीही चोख असलं, तरी त्यावरून कुणी विकत घ्यायचं की नाही हे ठरवू शकत नाही. समोर असतं ते नाव, किंमत, मापांचा तक्ता, किती लोकर लागेल तो आकडा आणि फोटो. त्यातही फोटोने थांबवलं, तरच माणूस बाकीचं वाचतो.

आणि थांबणारी व्यक्ती कोण असते? तयार स्वेटर घेणारा फोटो बघून एवढंच विचारतो, की हा मला शोभेल का. विणणारी व्यक्ती तेही विचारते, पण तिचे खरे प्रश्न पुढे सुरू होतात. वेणी किती ओळींनी वळली आहे? बाह्या वेगळ्या विणून शिवल्या आहेत की सगळं वरून खाली एकसंध आलंय? खांद्यावर शिवण आहे का? गळ्याची पट्टी एक सुलट एक उलट आहे की दोन-दोन? ती फोटोत टाके मोजते, अक्षरशः बोट ठेवून मोजते. कारण तिच्या हिशेबात नमुन्याची किंमत सगळ्यात लहान असते. लोकर त्याच्या कितीतरी पट महाग असते आणि लोकरीहून मोठा खर्च पुढच्या कित्येक आठवड्यांच्या संध्याकाळींचा असतो. एवढं सगळं ती एका फोटोच्या भरवशावर पणाला लावणार असते. म्हणून ती फोटो वाचते. माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीवर उभं आहे: विणणारे लोक फोटो वाचतात, आणि ज्या फोटोत वाचण्यासारखं काही नसतं त्याच्यावरून ते पुढे निघून जातात.

पूर्वी हे ओझं फोटोवर इतकं नव्हतं. छापील पत्रकांच्या काळात लोकरीच्या दुकानात पत्रक हातात घेऊन उलटसुलट बघता यायचं, तीच लोकर शेजारी ठेवलेली असायची, कित्येकदा विणलेला नग टांगलेला असायचा, आणि विकणाऱ्या बाईंनी स्वतः तो विणलेला असायचा. अशा वेळी पत्रकावरच्या फोटोने फक्त मन वेधलं तरी पुरायचं. जेम्स बाँड होण्याच्या कितीतरी आधी, १९५०च्या दशकात, रॉजर मूर ब्रिटनमध्ये विणकामाच्या पत्रकांवर स्वेटर घालून मॉडेल म्हणून दिसायचे. चेहरा देखणा, स्वेटर नीटस, तेवढ्यावर काम भागायचं. मग २००२ मध्ये ‘निटी’ हे ऑनलाइन मासिक सुरू झालं, २००५ मध्ये हाताने बनवलेल्या वस्तू विकण्याची एट्सी ही वेबसाइट आली, २००७ मध्ये विणणाऱ्यांची रॅव्हलरी ही वेबसाइट. कुणालाही घरबसल्या नमुना प्रकाशित करता येऊ लागला, ही विणकामाच्या इतिहासातली फार मोठी मोकळीक आहे असं मी मानते. पण त्याबरोबर प्रकाशनसंस्थेचा छायाचित्रकार, शैलीकार, संपादक ही सगळी कामं डिझायनरच्या एकटीच्या अंगावर आली, आणि हातात धरून बघण्याची सोय कायमची गेली. आता स्पर्शाचं कामही फोटोनेच करायचं असतं.

आधी अगदी छोट्या आकारातल्या फोटोबद्दल बोलू, कारण तुमचा नमुना सगळ्यात आधी तसाच दिसतो. शोध घेतला की पडद्यावर चौकटींची जाळी उघडते. मोबाइलवर एकेक चौकट जेमतेम दोन बोटं रुंद असते. रॅव्हलरीवर तर फोटो असलेलेच नमुने दाखवा अशी गाळणी आहे, म्हणजे फोटो नसलेला नमुना तिथे पोहोचतच नाही. त्या दोन बोटांच्या जागेत काय टिकतं? वस्तूचा बाह्याकार, मागच्या रंगापासून तिचं वेगळेपण आणि तिचं एखादं ठळक वैशिष्ट्य. बाकी सगळं पुसलं जातं. राखाडी भिंतीसमोर राखाडी स्वेटर मोठ्या पडद्यावर फार शांत आणि सुंदर दिसतो, पण चौकटीत तो भिंतीत विरघळतो. फुलांनी भरलेल्या झुडपासमोर रंगीत शाल धरली, तर शाल कुठे संपली आणि झुडूप कुठे सुरू झालं हे कळत नाही.

चौकट बहुतेक ठिकाणी चौकोनी असते किंवा चौकोनी कापली जाते. फोटो उभा काढला असेल तर वर गळा आणि खाली कड कापली जाते, म्हणजे ज्या दोन जागा विणणाऱ्याला आधी बघायच्या असतात नेमक्या त्याच जातात. म्हणून फोटो काढताना चारही बाजूंना मोकळी जागा सोडा. मुख्य फोटोत पूर्ण वस्तू आली पाहिजे, यावर मी ठाम आहे. गळ्याजवळून काढलेला फार देखणा फोटो मुख्य म्हणून लावला, की लोकांना तो स्वेटर आहे हेच कळत नाही, त्यांना तो गळपट्टा वाटतो. शालीचं तर विशेषच. मानेभोवती गुंडाळलेली शाल उबदार दिसते, पण ती त्रिकोणी आहे, अर्धगोल आहे की एका बाजूला लांबत जाणारी आहे, हे तिच्यातून समजत नाही. दोन्ही हात पसरून, पाठीवर शाल ताणून काढलेला पाठमोरा फोटो विणणाऱ्यांच्या जगात इतका रुळला, कारण तो शालीचा पूर्ण नकाशा दाखवतो. गुंडाळलेला फोटो जरूर ठेवा, पण दुसरा.

आता उजेड. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण विणकामाच्या फोटोत बहुतेक वेळा इथेच बिनसतं, आणि सुधारायला पैसे लागत नाहीत.

सुलट टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा बसतो, उलट टाका आडव्या उंचवट्यासारखा वर येतो. वेणीत काही टाके शेजारच्या टाक्यांच्या अंगावरून पलीकडे जातात. या सगळ्या उंच-सखलपणाचं माप मिलिमीटरमध्येच असतं. हाताला तो सहज कळतो, कॅमेऱ्याला मात्र तो फक्त सावलीतून कळतो. नांगरलेलं शेत भर दुपारी बघा आणि मग सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. दुपारी नुसती माती दिसते, सकाळी प्रत्येक तास मोजता येतो. लोकरीचं अगदी तसंच आहे. समोरून पडणारा उजेड, आणि त्यातही कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश, प्रत्येक टाक्याची सावली त्याच टाक्याच्या मागे लपवतो. उरतो तो सपाट रंगाचा पट्टा. चोवीस ओळींच्या वेण्या विणून ज्यांनी मनगटं दुखवून घेतली, त्यांच्या कामाचा असा फोटो बघवत नाही.

म्हणून खिडकी मॉडेलच्या बाजूला येऊ द्या. पाठीशी नको, तोंडासमोरही नको. उजेड एका कुशीकडून येऊन अंगावरून आडवा सरकला पाहिजे. दुसरी बाजू फार काळवंडली, तर त्या बाजूला पांढरी चादर किंवा मोठा पांढरा पुठ्ठा धरा, परतलेल्या उजेडाने सावली थोडी मऊ होते. पुरती घालवू मात्र नका. थेट कडक ऊन टाळलेलं बरं, कारण त्यात सावल्या इतक्या काळ्या होतात, की त्यांच्यातला टाकाही हरवतो आणि उजेडातला टाका पांढरा होऊन फुटतो.

ढगाळ दिवस फोटोंना चांगला, असं सगळीकडे सांगतात. रंगासाठी ते खरं आहे. पण उघड्यावर ढगाळ उजेड चहूबाजूंनी सारखा येतो आणि वीण चपटी होते. त्याच दिवशी मॉडेलला दारात किंवा छपराच्या कडेखाली उभं केलं, तर एका बाजूचा उजेड अडतो आणि टाका पुन्हा वर येतो. एवढा छोटा फरक आहे, पण दोन फोटो शेजारी ठेवले तर ते एकाच स्वेटरचे वाटत नाहीत. लोकर आणि नमुने विकणारी ब्रुकलिन ट्वीड ही कंपनी सुरू करणारे जॅरेड फ्लड डिझायनरही आहेत आणि छायाचित्रकारही. त्यांच्या कामाचे फोटो बघताना प्रत्येक वेळी उजेड कुठून आलाय ते शोधा, त्यातून पुष्कळ शिकायला मिळतं.

रंगीत नक्षीच्या विणीला मात्र नियम उलटा आहे. दोन रंगांनी विणलेल्या पट्ट्यांत उंचवटा फारसा नसतो, तिथे नक्षी रंगाच्या फरकाने दिसते. अशा वेळी समोरून येणारा सारखा, मऊ उजेड जास्त चांगला. आणि एक चाचणी करा: फोटो कृष्णधवल करून बघा. नक्षी तशीही दिसली तर रंग बरोबर निवडले आहेत. दिसेनाशी झाली, तर लाल आणि हिरवा रंग कितीही वेगळे वाटोत, त्यांची गडदता सारखी आहे आणि छोट्या चौकटीत नक्षी चिखल होणार. ही चाचणी विणायला घेण्याआधी लोकरीच्या गुंड्यांवरच करून घेतली तर फार बरं.

जाळीच्या विणीत तर भोकं हीच नक्षी असते. भोकांतून काय दिसतं, यावर सगळं अवलंबून आहे. फिकट जाळीच्या आत गडद रंगाचा साधा कपडा द्या, किंवा शाल खिडकीसमोर धरून उजेड आरपार येऊ द्या. मागून उजेड आला की कॅमेरा लोकर काळी करून टाकतो, तेव्हा बोटाने उजळपणा वाढवायला विसरू नका. आणि फोटोआधी ब्लॉकिंग झालंच पाहिजे. भिजवून, पिना लावून, ताणून वाळवलेली जाळी आणि सुईवरून नुकती उतरलेली जाळी यांच्यात इतकं अंतर असतं, की न ताणलेल्या जाळीचा फोटो म्हणजे नमुन्यावर अन्याय आहे.

कॅमेऱ्याच्या दोन सवयी माहीत असल्या पाहिजेत. प्रकाश मोजताना तो समोरचं दृश्य सरासरीने मधल्या राखाडी छटेचं आहे असं धरून चालतो. पांढऱ्याशुभ्र स्वेटरने चौकट भरली, की तो उजेड कमी करतो आणि स्वेटर मळकट येतो. काळ्या स्वेटरला तो उजळवतो आणि काळा धुरकट होतो. पांढऱ्याला उजळपणा थोडा वाढवायचा, काळ्याला थोडा कमी करायचा, मोबाइलवर बोट ठेवून वर-खाली सरकवलं की काम झालं. दुसरी सवय लाल रंगाची. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत १९७६ साली कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना पेटंट मिळालेली रंगगाळण्यांची मांडणी किंवा तिचंच रूप असतं. त्यात सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या, दर चार खणांमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा. भडक लाल स्वेटरचा जवळजवळ सगळा तपशील त्या एकचतुर्थांश खणांवर येऊन पडतो, ते खण भरून वाहतात आणि टाक्यांच्या जागी लाल डाग उरतो. म्हणून लाल, राणी, शेंदरी लोकरीचे फोटो मुद्दाम थोडे अंधारे काढा आणि नंतर हळूहळू उजळवा.

रंग खरा येण्यासाठी एकच उजेड ठेवा. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर: दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा आणि घरातला पिवळसर दिवा २७०० च्या आसपासचा असतो. दोन्ही एकत्र पडले की एक बाही निळसर आणि दुसरी पिवळी होते, आणि हे नंतर कशानेही नीट दुरुस्त होत नाही. दिवे बंद करा, एवढंच.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते सांगते. फोटोचा पहिला निर्णय टाके घालण्याआधी, लोकर निवडताना होतो. आपल्यापैकी बहुतेकांना हाताने रंगवलेल्या, पाच-सहा रंगांच्या लडींचा मोह असतो आणि तो मोह मला पूर्ण समजतो. पण वेणी किंवा जाळी त्या लोकरीत विणली, की डोळा रंगाच्या उड्यांमागे धावतो आणि वीण दिसत नाही. फोटोखाली लोक विचारतात, लोकर कुठली? नमुन्याबद्दल कुणी विचारत नाही. तुम्ही फुकटात लोकरीची जाहिरात केलेली असते. विणीचा नमुना असेल तर एकरंगी किंवा किंचित छटा बदलणारी, मध्यम ते फिकट रंगाची, चांगली पिळाची लोकर घ्या. काळी आणि गडद निळी टाळा. मोहेअरसारखी केसाळ लोकर टाक्याच्या कडा धूसर करते. आकार साधा आणि पोत मऊ असेल तेव्हा तीच लोकर फोटोला फार छान दिसते, वेण्यांना मात्र मारक ठरते. बहुरंगी लोकरीसाठीच नमुना रचला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ती लोकरच दाखवली पाहिजे.

जमलं तर दुसरा नग अगदी वेगळ्या रंगात विणा किंवा कुणाकडून विणून घ्या. मोहरी रंगात बघितलेला स्वेटर स्वतःच्या आवडत्या निळ्यात कसा दिसेल, हे सगळ्यांना डोळ्यांपुढे आणता येत नाही. ज्यांना मोहरी रंग आवडत नाही ते नमुन्यालाच नको म्हणतात, आणि आपण तो रंग नाकारतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

अंगावरचा फोटो आणि सपाट पसरलेला फोटो, दोन्ही लागतात. सपाट फोटोत रचना दिसते, घडण समजते. पण स्वेटर खांद्यावर कसा बसतो, बगलेत किती गोळा होतो, बाही मनगटाशी थांबते की बोटांवर येते, हे अंगावरच कळतं. फोटोखाली मॉडेलच्या छातीचं माप, घातलेल्या स्वेटरचं माप आणि दोन्हींतला फरक लिहा. ‘छाती ९२ सेंटिमीटर, स्वेटर १०२, म्हणजे दहा सेंटिमीटर सैल’ असं एक वाक्य लिहिलं, की फोटो एकदम मोजता येण्यासारखा होतो. हे वाक्य नसेल तर सैल स्वेटर बघून कुणी आपल्या मापाचा विणतं आणि तो अंगाला घट्ट बसतो. मग दोष नमुन्याला लागतो.

मोकळे केस गोल योकच्या, म्हणजे गळ्याभोवती खांदे-छातीवर येणाऱ्या भागाच्या, बरोबर वर येतात आणि जिथे सगळी नक्षी आहे तीच जागा झाकतात. केस बांधा. हाताची घडी घातली की पुढचा भाग गेला. खिशात हात घातले की कड वर ओढली जाते. खरं तर थोडी हालचाल चांगली, चालताना, वळताना, कप उचलताना. पण एक फोटो हात बाजूला सोडून, सरळ उभं राहून, समोरून हवा. एक पाठीमागून. एक कुशीवरून, बगल दिसेल असा. कंटाळवाणे वाटतील, तरी विणणारे याच तीन फोटोंवर सगळ्यात जास्त वेळ थांबतात. त्यानंतर जवळून घेतलेले गळा, कड, बाहीचं टोक आणि विणीचा एखादा तुकडा. जवळच्या फोटोत टाके मोजता आले पाहिजेत. बारीक विणीवर कधी पाण्यासारखे तरंग उमटतात, ते सेन्सरच्या जाळीचं आणि ओळींचं जमलं नाही म्हणून येतात. एक पाऊल मागे-पुढे झालात की जातात.

मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो. दोन हातांवरून काढलेल्या फोटोत जे जवळ आहे ते मोठं होतं, म्हणजे डोकं आणि खांदे मोठे आणि खालची कड चिमटलेली. आकारावरच ज्या कपड्याची विक्री आहे, त्याचा आकारच खोटा येतो. तीन-चार पावलं मागे जा, दुपटीचा झूम वापरा आणि मोबाइल डोळ्यांपाशी न धरता मॉडेलच्या छाती-पोटाच्या उंचीवर धरा.

आणि एकाच अंगकाठीवर थांबू नका. मापांच्या तक्त्यात दहा मापं असतील आणि फोटोत फक्त सगळ्यात लहान माप असेल, तर मोठ्या मापाची विणणारी व्यक्ती साहजिकच विचारते, की माझ्या मापावर हा कुणी घालून तरी बघितलाय का. तिचा प्रश्न रास्त आहे. टेस्ट निटरकडून, म्हणजे प्रकाशनाआधी नमुना विणून तपासून देणाऱ्यांकडून, निरनिराळ्या मापांचे फोटो मागून घ्या आणि ते विक्रीच्या पानावर वर ठेवा. घरच्या उजेडात, आरशासमोर काढलेले ते फोटो तुमच्या मुख्य फोटोइतके देखणे नसतील, पण नमुना दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या लोकरीत, दुसऱ्या अंगावर जमला याचा तो पुरावा असतो. मुख्य फोटो थांबवतो आणि हे फोटो पैसे भरायला लावतात, असं माझं निरीक्षण आहे. परवानगी मात्र लेखी घ्या, टेस्ट निटरची आणि मॉडेलचीही. बऱ्याच देशांत फोटोचा हक्क मुळात तो काढणाऱ्याकडे असतो, त्यामुळे मित्राने काढून दिला असेल तरी वापर कुठे-कुठे करणार हे आधी बोलून घ्या.

खरेपणाबद्दल थोडं कठोर बोलते. पाठीमागे चिमटे लावून सैल स्वेटर अंगासरशी बसवणं, फोटो दुरुस्त करताना कंबर आत घेणं, वाकडे टाके पुसून गुळगुळीत करणं, हे सगळं कपड्यांच्या जाहिरातीत चालत असेल. इथे चालत नाही, कारण आपला ग्राहक तीच वस्तू स्वतः बनवतो. रॅव्हलरीसारख्या ठिकाणी तो आपला विणलेला नग फोटोसकट त्याच नमुन्याशी जोडतो. तुमच्या फोटोत अंगाला चापून बसलेला स्वेटर विणणाऱ्यांच्या सगळ्या फोटोंत पोत्यासारखा दिसला, तर पुढचा येणारा दोन्ही बघतो आणि विणणाऱ्यांवर विश्वास ठेवतो. नमुना पहिल्या आठवड्यात फोटोवर खपतो, पण वर्षानुवर्षं खपतो तो लोकांनी विणलेल्या नगांवर. म्हणून पहिल्या फोटोने नेमकं तेच दाखवावं, जे विणणाऱ्याच्या हाती येणार आहे.

गेल्या काही वर्षांत यात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली चित्रं घुसली आहेत. कधीच न विणलेल्या वस्तूचं चित्र लावून नमुना विकायचा आणि आत असलेल्या सूचनांमधून ती वस्तू घडतच नाही. मुरलेले विणकर हे ओळखतात. वेणी कुठून तरी निघते आणि कुठेच पोहोचत नाही, व्हीच्या रांगा मध्येच दिशा बदलतात, कडेला टाके एकमेकांत वितळतात. नवशिक्यांना मात्र हे कळत नाही, ते फसतात, आणि कित्येकदा आपल्याच हाताला दोष देऊन विणणं सोडतात. याचा मला मनापासून राग आहे. प्रामाणिक डिझायनरने यावर करण्यासारखी गोष्ट म्हणजे पुरावा देणं. सुयांवर अर्धवट असलेल्या कामाचा एक फोटो, विणीच्या उलट्या बाजूचा एक, ब्लॉकिंगच्या पिना लागलेल्या असतानाचा एक. उलटी बाजू तर जरूर दाखवा, विणणाऱ्यांना ती बघायला फार आवडते आणि तिथे काहीही लपत नाही.

फोटोसोबत शब्दांत वर्णन लिहायची सोय असेल तिथे ते लिहा. न बघता विणणारे लोक आहेत, आणि ते स्क्रीन रीडरवर पान ऐकतात. ‘सुंदर स्वेटर’ एवढ्याने त्यांना काहीच कळत नाही. ‘गोल गळा, योकवर पानांची जाळी, बाह्या कोपराखाली संपतात, कंबरेपर्यंत लांबी’ असं लिहिलं तर त्यांनाही निवडता येतं.

शेवटचा मुद्दा जुन्या नमुन्यांचा. ज्यांचे दहा-पंधरा नमुने आधीच विक्रीला आहेत, त्यांनी नवं काही विणण्याआधी जुने फोटो बदलून बघावेत. लिखाण तपासलेलं आहे, चुका निघून गेलेल्या आहेत, फक्त चेहरा अंधारात आहे, अशी स्थिती फार नमुन्यांची असते. आधी बघा की लोक पान उघडतात पण घेत नाहीत, की पानापर्यंत येतच नाहीत. येतच नसतील तर मुख्य फोटो बदलायला हवा. येऊन परत जात असतील तर आतले फोटो अपुरे आहेत, किंवा अडचण मापं, किंमत, वर्णन यांत आहे आणि तिथे फोटो बदलून काही होणार नाही. बदल करताना एका वेळी एकच करा. फोटो आणि किंमत एकाच दिवशी बदलली, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. ऋतूही ध्यानात ठेवा. थंडीच्या तोंडावर लोकरीचे नमुने असेही जास्त खपतात, तेव्हा तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आणि नवा मुख्य फोटो लावाल तेव्हा जुना काढून टाकू नका, तो रांगेत शेवटी राहू द्या. कुणीतरी तो नमुना त्या जुन्या फोटोवरून कधीचा मनात ठेवलेला असतो, आणि लोकर हाती आली की ती व्यक्ती तोच फोटो शोधत परत येते.